चिंध्या बांधलेली झाडं

"डोकं ठेव गो जाग्यावर. पुढल्या सालाला त्यानं आपल्याला वळखाया नको?"

सोनाकाकी हे मला म्हणाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. महाडात साथ आली होती आणि बरीचशी घरं कुलपं लावून रानात राहायला गेली होती. आम्ही पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत गेलो. तिथे आमची जमीन होती. सोनाकाकी ती जमीन कसणाऱ्या आमच्या कुळाच्या घरची नवी सून. खरं तर ती स्वतःच पोर होती, हातावरची हळद अजून उतरली नव्हती, पण लुगडं नेसलेली कुणीही बाई मला तेव्हा काकीच वाटायची. तिने मला डोंगराच्या उतारावर नेलं आणि पहारीने खणून हातभर लांब, मातीने माखलेला, अंगावर मुळांचे केस असलेला एक कंद वर काढला. तो सगळाच्या सगळा घरी न्यावा म्हणून मी उचलायला गेले, तर तिने हातावर चापट मारली. कंदाच्या वरचा, वेलाला चिकटलेला मुठीएवढा भाग, म्हणजे त्याचं डोकं, कापून पुन्हा खड्ड्यात ठेवला, माती लोटली, पायाने दाबली आणि वरचं वाक्य बोलली.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हा रानातला कंद. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. पावसाच्या तोंडाला जुन्या डोक्यातून कोंब येतो, वेल जवळच्या झाडावर चढतो, विड्याच्या पानासारखी पानं धरतो आणि थंडी पडली की वाळून जातो. वाळला तरी सुतळीसारखा वेल झाडाला गुंडाळलेला राहतो. ती सुतळी धरून खाली यायचं, ती जिथे मातीत शिरते, बऱ्याचदा बुंध्यापासून चार हात लांब, तिथे खणायचं. वर्षानुवर्षं तोच कंद, तीच जागा, तेच झाड. चव? निखाऱ्यात भाजून, साल काढून, मीठ-मिरचीबरोबर खाल्ला तर बटाट्याचं नाव पुन्हा काढणार नाही. कच्च्याला हात लावलात तर मात्र खाज सुटते, कोकम चोळायचं.

यंदा दादाने महाडात नवं घर बांधलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माघातल्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं, आणि माझ्या मनात ते जुनं वाक्य एकदम जागं झालं. पुण्याहून महाडला भोर-वरंधावरून सरळ जाता येतं. मी ठरवलं, दोन दिवस आधी निघायचं, महाबळेश्वरावरून आंबेनळीने उतरायचं, वाडीत एक रात्र काढायची आणि काकीच्या हातचा भाजलेला कंद खाऊनच माहेरच्या घरात पाऊल टाकायचं.

आमचे हे म्हणाले, "कंदासाठी एवढा वळसा? मंडईत करांदे मिळतात की."

"मंडईतले मला ओळखत नाहीत," मी म्हटलं. ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत लोकरीचा स्वेटर कोंबला.

स्वेटर उपयोगी पडला. स्वारगेटवरून पहाटेची गाडी धरलीत तर वाईला चहा मिळतो, पसरणीच्या घाटात उन्हं येतात आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत दात वाजायला लागतात. तिथे गाडी बदलायची. महाडकडे जाणारी गाडी दुपारची. जागा धरायची असेल तर पोरांसारखा रुमाल टाकायची लाज सोडा. मी टाकला. डाव्या-उजव्या बाजूचा विचार करू नका, आंबेनळीची वळणं दोन्ही बाजूंना सारखाच न्याय देतात. कंडक्टर प्रत्येक बाकाजवळ येऊन सांगत होता, "लिंबू हातात आणि डोकं आत. डोकं बाहेर काढून कुणाला काय दाखवायचं नाही." माझ्या मागच्या बाकावर मुंबईहून आलेला एक तरुण आईला धीर देत होता.

"आये, घाबरू नको. डायवर फस्क्लास हाय."

"डायवरचं नाय रे," ती म्हणाली, "मला रस्त्याचं भ्याव वाटतं. त्यो तरी कुटं शिकलाय?"

सगळी गाडी हसली. प्रतापगड मागे पडला, हवा गरम झाली, आणि एका वळणावर खालच्या डोंगरांतून धुराच्या पांढऱ्या रेघा वर येताना दिसल्या. वणवा वाटला. कंडक्टर म्हणाला, "कोळसा हो बाई. भट्ट्या लावल्यात. मुंबईला बंबात पाणी कशावर तापतं मग?"

"कुणाचं रान आहे ते?"

"असंल कुणा मालकाचं. विकलं असंल."

मी मान हलवली आणि लिंबाचा वास घेत बसले. तेव्हा काही सुचलं नाही.

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढचं वाचल्यावर कारण कळेल. घाट संपता संपता सांगितलं तर ड्रायव्हर गाडी थांबवतो. तिथून ओढा ओलांडून चढण आहे. चपला चांगल्या हव्यात. ओढ्याला माघातही पाणी असतं, आणि मला वाटतं ते पिऊन चढलेल्या माणसाला वर काय वाढून ठेवलंय त्याची काळजी राहत नाही. मी तर गाणं गुणगुणत चढले.

काकी अंगणात वाल सोलत होती. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"बाय! तू?" ती उठली, कमरेवर हात ठेवून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "यवड्या वर्सानं आलीस ती केस पिकवूनच आलीस की गो! मला वाटलं, व्हतीस तवडीच असशील."

"तू कुठे होतीस तेवढी राहिलीस?"

"मी जाड झाले. पन कुनी दिलं म्हनून न्हाय, वाऱ्यानं."

घरात तिची सून हौसा. गेल्या वैशाखात लग्न झालेली, बोलताना ओठ मुडपून हसणारी. मुलगा मुंबईला गोदीत. त्याच्याबद्दल काकीच्या तोंडून जे आलं ते असं: "शिमग्याला येतो. येतो तो बिस्कुटाचा डबा घेऊन येतो. बोलतो, आये, कंदमुळं खानं बंद कर, माजे दोस्त हसतात. मी बोलले, तुजे दोस्त गोड मानसं हायती, मला हसू दे त्येनला. तू तेवडा कंद खाऊन मोठा झालास त्ये त्येनला नको सांगू."

रात्री भाकरी, वालाची भाजी आणि वर सुकटीची चटणी. मी वाट बघत होते. माघात, सोनाकाकीच्या घरी, चुलीत कंद नाही, असं होऊच शकत नव्हतं. शेवटी मीच विचारलं. हौसाने सासूकडे पाहिलं. काकी म्हणाली, "सकाळी बगू," आणि माझ्या अंगावर वाकळ टाकली.

सकाळी उताराकडे निघालो. काकी पुढे, खांद्यावर पहार घेतलेली हौसा मागे. जाताना काकी मला वेलांची रीत सांगत होती; लहानपणी मला ती कळली नव्हती, आता नीट कळली. उतारावरचे वेल वाडीतल्या बायांचे असतात. घराचे नव्हेत, पुरुषांचे नव्हेत, बायांचे. कुठल्या झाडावरचा कुणाचा, ते सगळ्यांना तोंडपाठ. नवी सून घरात आली की तिच्या पहिल्या माघात सासू तिला उतारावर नेते, आपल्यातला एक वेल दाखवते आणि म्हणते, "ह्यो तुजा." त्या दिवसापासून सासू तिथे पहार लावत नाही. उपास पडला तरी लावत नाही. काकीला तिच्या सासूने असाच एक दिला होता. मला त्या वर्षी तिने खणून दाखवला तो तोच, तिचा पहिला. माझ्यासाठी ती आपली पहिली मिळकत उघडून बसली होती, आणि मला एवढ्या वर्षांनी समजत होतं.

"आता हिचा दाखवायचा हाय," काकी म्हणाली. "म्हनून तुला बोलले, सकाळी."

वळण संपलं आणि मी थांबले.

उताराचा खालचा अर्धा भाग उघडा होता. ऐन, किंजळ, आसाणा, कुठलं झाड म्हणून उभं नाही. गुडघ्याएवढे बुंधे, त्यांची कापलेली तोंडं अजून लालसर, आणि मधून मधून भट्ट्यांची काळी वर्तुळं. माती तव्यावरची भाकरी करपावी तशी. आणि कितीतरी बुंध्यांना चिंध्या बांधलेल्या. हिरव्या, जांभळ्या, चॉकलेटी काठांच्या, लुगड्यांच्या पट्ट्या, काही अर्ध्या जळालेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

काकी बुंध्यावर बसली. सांगितलं ते हौसाने, पहार मातीत रोवून, एकेक शब्द तोडत.

दिवाळीनंतर मालक वर आले होते. मालक म्हणजे माझा दादा. हे तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. बरोबर कोळसेवाल्याचा मुकादम. रान दिलं, तोड सुरू होणार, असं दादा म्हणाला. बाया जमल्या. काकी पुढे झाली आणि बोलली, मालक, रान तुमचं, लाकूड तुमचं, पण ज्या झाडांवर कंदाचे वेल आहेत तेवढी ठेवा. ऊन लागलं तर डोकी सुकतात, झाड गेलं तर वेलाची खूण जाते, मग कंद जमिनीत असून नसल्यासारखे. दादाने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हे मी या लेखात अनेकदा लिहून खोडलं आहे. तो म्हणाला, "तुमच्या कंदाची झाडं मला कुठली कळायला? खुणा करून ठेवा. तेवढी सोडायला सांगतो."

मग वाडीतल्या बायांनी लुगडी फाडली. प्रत्येकीने आपापल्या वेलाच्या झाडाला चिंधी बांधली. जुन्या लुगड्याची बांधली तर लांबून दिसणार नाही, म्हणून काहींनी चांगली फाडली.

तोडणारे घाटावरून आणलेले. त्यांच्या कामात एकच रीत: खूण केलेलं झाड म्हणजे पाडायचं झाड. कुठे गेरूचा पट्टा, कुठे कुऱ्हाडीचा घाव, कुठे दोरी. खूण कसलीही असो, तिचा अर्थ एक. बाया खाली वालाच्या शेतात होत्या. संध्याकाळी आल्या तर चिंध्यांची झाडं आडवी. फक्त चिंध्यांची. बाकीची तोपर्यंत उभी होती, ती नंतर गेली.

"मुकादम हसला," हौसा म्हणाली. "बोलला, बायांनीच निवडून दिली, आमची मेहनत वाचवलीत!"

मी विचारलं, मालकांनी त्याला सांगितलं नव्हतं का? हौसाने खांदे उडवले. मुकादम शपथ घेऊन म्हणाला होता की, त्याला कुणी काही सांगितलं नाही.

"मग इथे खणून बघितलंत?"

"कुटं खनू, ताई?" तिने पहार उचलली आणि समोरच्या काळ्या मातीत घातली. दगड. थोडं सरकून पुन्हा घातली. पुन्हा दगड. "वेल फांद्यांसंगं वडून नेले. डोकी हायती खाली. पन बुंध्यापासनं चार हात हिकडं का तिकडं, कुटं हायती?"

प्रवासवर्णनात राग लिहायचा नसतो, असं मला पूर्वी एका संपादकांनी सांगितलं होतं. डोंगर, दऱ्या, आतिथ्य, झऱ्याचं पाणी लिहावं. झऱ्याचं पाणी मी वर लिहिलं आहे. राग कुठे ठेवू?

उताराचा वरचा अर्धा अजून उभा आहे. तो शिमगा झाल्यावर तोडायचा, असं मुकादम सांगून गेला आहे. तिथे आम्ही चढलो. तिथल्या झाडांनाही चिंध्या आहेत. एका जांभळीला पिवळ्या खणाचा तुकडा बांधला होता, नवा कोरा. हौसाच्या लग्नातल्या ओटीचा खण. काकी तिथे थांबली, झाडाला गुंडाळलेला वाळका वेल बोटाने खालपर्यंत दाखवला, आणि एवढंच म्हणाली, "ह्यो तुजा."

हौसाने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. तिने चटकन हात पुढे केला, चिंधीच्या गाठीकडे.

"सोडून टाकते," ती म्हणाली. "आत्याबाय, चिंधी हाय म्हनूनच तोडतील. नसंल तर एकांदं राहील तरी चुकून."

"हात लावू नको."

"अवो पन..."

"मालकानं सांगितलान, खुना करा. आपन केल्या." काकीचा आवाज चढला नव्हता. "आता सोडल्या तर त्यो उद्या बोलंल, बायांनीच सोडल्या, मी काय करू? न्हाय. माजी गाठ हाय ती. त्याचा सबूद हाय. त्यानं येऊन सोडावी नायतर त्यानं येऊन पाळावी."

दोघींचं बरोबर होतं. मी त्या दोघींच्या मध्ये उभी होते आणि मला वाटत होतं, मी दादाची बहीण नसते तर बरं झालं असतं. मग वाटलं, नसते तर मला हे दाखवायला त्यांनी आणलं कशाला असतं?

हौसाने हात मागे घेतला. पण रागाने. जांभळीखाली तिने स्वतःच पहार चालवली, काकीने मातीतले दगड बाजूला केले, मी फक्त पुढे पुढे करत होते. कंद वाकडातिकडा, दोन दगडांमध्ये अडकलेला, पण निघाला. डोकं कापून मी खड्ड्यात ठेवलं. माती लोटली. पायाने दाबताना काकीने माझ्याकडे बघितलं, पण या वेळी ती काही बोलली नाही.

दुपारी निघताना तिने केळीच्या पानात तोच कंद बांधला. दर माघात पहिला निघालेला कंद मालकाच्या घरी जायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मी लहान असताना आई तो देवापुढे ठेवायची. मला संताप आला. "अजून पाठवतेस? हे सगळं झाल्यावर?"

"पाठवते तर," काकी म्हणाली. "नव्या घराला देऊ नको व्हय? दादाला दे. आनि खाताना घास घशाखाली उतरतो का, तेवडं बग. बगून मला कळव."

पोलादपूर लागतं तेव्हा उन्हं कलतात. स्टँडसमोर कांदाभजी गरम मिळतात, चहा गोड आणि घट्ट. महाडची गाडी सावित्रीच्या कडेकडेने जाते आणि रस्ता आता बराच चांगला आहे. उतरून वेळ असेल तर चवदार तळं जरूर बघा, आणि गांधारपाल्याची लेणी पहाटे बघा, दुपारी तिथला दगड तापतो. रायगड करायचा असेल तर महाडात मुक्काम करून पहाटे निघावं. हिरकणीवाडीत ताक आणि वाटाड्या दोन्ही मिळतात. मी यातलं काही केलं नाही. मी केळीच्या पानातला कंद मांडीवर घेऊन दादाच्या नव्या घराच्या पायरीशी उतरले.

घर सुंदर आहे. खोटं कशाला लिहू? उंच जोतं, हवेशीर माडी, ऐनाच्या जाड तुळया. तुळयांना तेलपाणी झालेलं, त्या चकाकत होत्या. मी वर मान करून बघत राहिले तर वहिनी कौतुकाने म्हणाली, "आपल्याच रानातल्या आहेत हो वन्सं. बाहेरून एक काडी नाही आणली."

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. पंगती, पेढे, नात्यागोत्यातली माणसं. मी कंद वहिनीच्या हातात दिला आणि कुणी पाठवला ते सांगितलं.

"इश्श, आज? पाहुण्यांपुढे हे कुठे वाढू? खाज सुटते मेलं." तिने पान उघडून न बघता तो परसात, बंबाशेजारी ठेवला. वाईट हेतूने नाही. वाईट हेतू असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

पाहुणे पांगल्यावर दादा ओट्यावर बसला होता, सुपारी कातरत. मी समोर बसले आणि विचारलं.

"समजुतीचा घोटाळा झाला," तो म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं. "घाटावरची माणसं. त्यांना काय कळतं?"

"मुकादमाला सांगितलं होतंस का?"

अडकित्ता थांबला. "सांगणार होतो."

"म्हणजे नाही."

"अगं सुमे, तेव्हा इथे पायाचं काम चाललं होतं. गवंडी, चुना, माणसं. राहून गेलं."

"मग आता सांग. वरचा अर्धा उभा आहे."

"सगळं रान दिलंय त्याला. आता मधली मधली झाडं सोड म्हटलं, तर तो मला वेड्यात काढेल. कशासाठी म्हणून विचारेल, काय सांगू? बायकांच्या कंदांसाठी?" त्याने सुपारी तोंडात टाकली. "आणि तूच विचार कर. भातखाचरं कायद्याने कुळांची झाली. मी हूं की चूं केलं? नाही. उरलाय तो डोंगर. त्यावरही माझा हक्क नाही का?"

"आहे. पण शब्द तू दिलास. त्यांनी मागून घेतला आणि तू दिलास."

"काय गं, तू माहेरी आलीस. जेव, आहेर घे, दोन दिवस राहा. न्यायाधीश म्हणून कुणी बोलावलं होतं तुला?"

त्याचा हक्क मी नाकारत नाही. त्याची खाचरं गेली हे खरं आहे आणि त्याचा त्याला सल आहे, हेही मला दिसतं. त्याने रान विकलं, याचाही मला तितका राग नाही. माझा राग "सांगणार होतो" या दोन शब्दांवर आहे. वाडीतल्या बायांनी अंगावरचं लुगडं फाडलं, आणि दादाचं एका माणसाला एक वाक्य सांगायचं राहून गेलं. इतकं सोपं. ते वाक्य बोलायला त्याला डोंगर चढावा लागत नव्हता. मुकादम दर आठवड्याला याच ओट्याखाली येऊन उभा राहत होता.

संध्याकाळी मी परसात गेले, बंबातले निखारे ओढले आणि कंद भाजला. वास सुटला तसा दादा मागून आला. लहानपणी यायचा तसाच, अनवाणी.

"कंद? कुणी आणला?"

"सोनाकाकीने पाठवलाय. पहिला."

तो उकिडवा बसला. साल काढायची वाटही न बघता त्याने तुकडा मोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला. डोळे मिटले. "मीठ आण गं," तो म्हणाला. "आईच्या हातचा आठवला." मीठ आणून दिलं. त्याने सगळा संपवला, बोटं चाटली.

घास उतरला, काकी. सहज उतरला. मी समोर बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी वरंधा घाटाने परत आले. गाडी वेळेवर, रस्ता धुळीचा, शिवथरच्या बाजूचं खोरं डोळे भरून बघण्यासारखं. तुम्ही आंबेनळीने उतरलात तर वरंध्याने चढा, दोन्ही घाट एकाच सहलीत होतात. मी खिडकीत बसूनही फारसं बघितलं नाही. वहिनीने दिलेलं आहेराचं लुगडं पिशवीत होतं, जांभळं, मोठ्या काठाचं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग? ओळखलं का कंदाने?" मी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता लुगडं कपाटात ठेवायला गेले, तर ठेवता येईना. घडी मोडावी, आडवी पट्टी फाडावी, असं हातांना वाटत होतं. फाडलं नाही. पण ते अजून नेसलेही नाही.

हातांची खाज दोन दिवसांत गेली. काकीला मी काही कळवलेलं नाही. काय कळवू? घास अडकला असता तर धावत जाऊन सांगितलं असतं.

दादा, हे मासिक वहिनीकडे येतं हे मला ठाऊक आहे. म्हणून शेवटचं तुझ्यासाठी लिहिते. मला डोंगर परत नको, तुझा करार मोडायला नको, आहेरही नको. शिमग्याच्या आधी एक दिवस मुकादमाला घेऊन वर जा. ओढा ओलांडल्यावर चढण आहे, तुझे गुडघे दुखतात, थांबत थांबत जा. वरच्या अर्ध्या उतारावर जांभळीखाली उभा राहा, पिवळ्या खणाच्या गाठीवर हात ठेव आणि त्याच्यादेखत बोल: ज्यांना चिंधी आहे ती झाडं सोडायची. एवढंच वाक्य. तू जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. लग्नसराई आहे, कौलांचं काम राहिलंय, आणि लोक हसतील. तरी मागते. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर मला पत्राने नको म्हणूस. तिथे जा, आणि ती गाठ तुझ्या हाताने सोड.